यकृतात साचणारा मेद

मानवी शरीरातील सर्वांत मोठी अंतर्गत ग्रंथी म्हणजे यकृत. प्रौढ व्यक्तीत सुमारे दीड किलो वजनाची ही ग्रंथी उजव्या बाजूच्या बरगड्यांआड असते, आणि आतड्यांत शोषलेली साखर व प्रथिनांचे घटक रक्तावाटे सर्वप्रथम तिच्याकडेच येत असल्यामुळे, आलेल्या अन्नद्रव्यातले काय वापरायचे, काय साठवायचे आणि काय बाहेर टाकायचे याचा निवाडा बव्हंशी तेथेच होतो. निरोगी यकृताच्या काही पेशींत थोडा मेद असतोच. मात्र ५ टक्क्यांहून अधिक पेशींत मेदाचे थेंब साचू लागले की त्या अवस्थेला मेदयुक्त यकृत, म्हणजेच बोलण्यात रूढ झालेल्या शब्दांत फॅटी लिव्हर, असे म्हटले जाते. बहुसंख्य रुग्णांत या अवस्थेत काहीही दुखत नाही, भूक मंदावत नाही आणि कावीळही होत नाही, त्यामुळे पित्ताशयातील खडे, मूतखडा किंवा कार्यालयातील वार्षिक तपासणी अशा भलत्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत ती अवचित आढळते.

मुंबईच्या उपनगरांत, अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत, सोनोग्राफीच्या अहवालात ‘ग्रेड वन फॅटी लिव्हर’ हे शब्द आता इतक्या वेळा वाचायला मिळतात की ते वाचून घरातल्यांच्या कपाळावर आठी उमटेनाशी झाली आहे. ‘लिव्हरला थोडी सूज आहे, तेलकट कमी करा’ एवढ्या बोलण्यावर विषय मिटतो आणि अहवाल कपाटातील फाइलमध्ये जातो. या बोलण्यात दोन चुका आहेत. एक म्हणजे मेद साचणे आणि सूज येणे या दोन वेगळ्या अवस्था आहेत, आणि दुसरी व अधिक गंभीर चूक अशी, की अहवालावरील ग्रेड, म्हणजे श्रेणी, यकृतात मेद किती दिसतो एवढेच सांगते; यकृताला इजा किती झाली, त्यावर व्रण धरले आहेत का, हे ती सांगतच नाही. तिसऱ्या श्रेणीच्या रुग्णाचे यकृत व्रणरहित असू शकते, तर पहिल्या श्रेणीच्या रुग्णात व्रण बरेच पुढे गेलेले असू शकतात. एवढेच नव्हे तर सिरोसिसपर्यंत, म्हणजे व्रणांच्या अखेरच्या टप्प्यापर्यंत, पोहोचलेल्या काही यकृतांतून मेद ओसरून गेलेला असतो आणि अहवाल वरवर सुधारल्यासारखा भासतो. त्यातच यकृताचा सुमारे पाचवा हिस्सा मेदाने भरेपर्यंत साध्या सोनोग्राफीत तो खात्रीने दिसत नाही, म्हणून नितळ अहवालानेही पूर्ण निश्चिंत होता येत नाही.

या आजाराकडे दुर्लक्ष होण्यामागे त्याचा इतिहासही आहे. यकृत खराब होते ते दारूने, ही समजूत सर्वसामान्यांचीच नव्हे तर वैद्यकाचीही दीर्घकाळ होती. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये युर्गेन लुडविग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये २० रुग्णांच्या यकृताच्या तुकड्यांचे, म्हणजे बायोप्सीचे, निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हा सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारे चित्र हुबेहूब मद्यपींच्या यकृतासारखे होते आणि रुग्ण मात्र मद्यपी नव्हते. त्यांच्यात स्त्रिया अधिक होत्या, बहुतेकांचे वजन जास्त होते आणि अनेकांना मधुमेह होता. लुडविग यांनी या विकाराला नॉन-अल्कोहोलिक स्टिआटोहेपटायटिस, म्हणजे मद्याशी संबंध नसलेला मेदजन्य यकृतदाह, असे नाव दिले; नॅश हा त्याचाच संक्षेप. तरीही पुढची कित्येक वर्षे रुग्ण आपले पिणे लपवत असावा, अशी शंका घेतली जात राहिली. आयुष्यात दारूच्या थेंबालाही न शिवलेल्या गृहिणीला सिरोसिस झाला की नातेवाइकांत जी कुजबुज सुरू होते, तिचे मूळ याच जुन्या समजुतीत आहे, आणि त्या कुजबुजीच्या भीतीने आजार लपवला जातो हे त्याहून वाईट. जून २०२३ मध्ये यकृततज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी ‘नॉन-अल्कोहोलिक’ ही नकारात्मक ओळख सोडून चयापचयातील बिघाडाशी निगडित मेदयुक्त यकृतविकार, संक्षेपाने मॅसल्ड, ही संज्ञा स्वीकारली. यकृतात मेद असणे आणि त्याच्या जोडीला वाढलेले वजन किंवा पोटाचा घेर, रक्तातील वाढलेली साखर, रक्तदाब, वाढलेले ट्रायग्लिसराइड किंवा उपयुक्त कोलेस्टेरॉलची कमतरता यांपैकी किमान एक दोष असणे, अशी तिची व्याख्या आहे. दारू घेणाऱ्याला हा विकार होत नाही असा याचा अर्थ नाही; दोन्ही कारणे एकत्र आली तर हानी अधिक वेगाने होते.

मुंबईपुरते पाहायचे तर या आजाराचा माग काढणाऱ्यांत डॉ. दीपक अमरापूरकर यांचे नाव अग्रभागी येते. बॉम्बे हॉस्पिटलमधील या यकृततज्ज्ञाने आणि त्यांच्या पत्नी, नायर रुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. अंजली अमरापूरकर यांनी, भारतात हा विषय चर्चेत येण्यापूर्वीच त्यावर लेखन सुरू केले होते. रुग्णालयात येणाऱ्यांची मोजणी करून समाजातील आजाराचे प्रमाण कळत नाही, कारण तेथे आजारी माणसेच येतात. म्हणून अमरापूरकर आणि सहकाऱ्यांनी मुंबईतील दोन रेल्वे वसाहती निवडल्या आणि तेथील १,१६८ रहिवाशांची माहिती तपासली. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात एकूण १६.६ टक्के आणि वीस वर्षांवरील १८.९ टक्के लोकांत मेदयुक्त यकृत आढळले. पुरुषांत हे प्रमाण २४.६ टक्के, तर स्त्रियांत १३.६ टक्के होते. चाळिशी ओलांडलेले वय, पोटावरची चरबी, जास्त वजन आणि उपाशीपोटी वाढलेली साखर यांच्याशी त्याचा स्पष्ट संबंध दिसला. वसाहतीतली ही माणसे रुग्ण म्हणून आलेली नव्हती. कामावर जाणारी, संसार करणारी, स्वतःला धडधाकट मानणारी होती, आणि त्यांच्यातल्या दर पाच-सहा प्रौढांमागे एकाच्या यकृतात मेद होता. हा अभ्यास लहान असला तरी या शहराला स्वतःचे यकृत त्याने प्रथमच दाखवले, आणि त्यासाठी मुंबई डॉ. अमरापूरकरांची ऋणी आहे. २९ ऑगस्ट २०१७ च्या अतिवृष्टीत घरी परतताना एल्फिन्स्टन परिसरातील उघड्या मॅनहोलमध्ये पडून त्यांचा मृत्यू झाला. मुंबईकरांना त्यांचे नाव आज आठवते ते बहुधा त्या दुर्घटनेमुळे. वास्तविक ते या कामामुळे आठवायला हवे.

त्यानंतर चित्र पालटले ते वाईट दिशेने. दिल्लीच्या एम्समधील तज्ज्ञांनी देशभरातील अभ्यास एकत्र करून २०२२ मध्ये जो आढावा प्रसिद्ध केला, त्यात भारतीय प्रौढांतील प्रमाण ३८.६ टक्के आणि मुलांतील प्रमाण ३५.४ टक्के निघाले. मुंबई महापालिकेने जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीनुसार २०२१ मध्ये केलेल्या सर्वेक्षणात शहरातील ४६ टक्के प्रौढांचे वजन प्रमाणापेक्षा जास्त आढळले आणि ९४ टक्के लोक पुरेशी फळे-भाज्या खात नसल्याचे दिसले. याच जमिनीत मेदयुक्त यकृत रुजते.

मात्र वजनाचा काटा हा भारतीयांच्या बाबतीत पुरेसा साक्षीदार नाही. पश्चिम बंगालमधील बीरभूम जिल्ह्यातील खेड्यांत झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, कष्टाची कामे करणाऱ्या गरीब ग्रामस्थांपैकी ८.७ टक्के लोकांत हा विकार आढळला आणि त्यांतील सुमारे तीन चतुर्थांश लोक लठ्ठ नव्हते. या कोड्याचे उत्तर पुण्यात शोधले गेले. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुणे जिल्ह्यातील सहा गावांत १९९३ पासून मातांचा आणि त्यांच्या मुलांचा जो प्रदीर्घ अभ्यास चालवला, त्यात ही नवजात बाळे इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या बाळांच्या तुलनेत वजनाने बरीच कमी असूनही त्यांच्या अंगावरील चरबी मात्र त्या प्रमाणात घटलेली नव्हती. कमतरता होती ती स्नायूंची आणि पोटातील अवयवांच्या वाढीची. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे छायाचित्र २००४ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये छापले गेले आणि गाजले. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या प्रमाणात वजन दाखवणारा निर्देशांक, २२.३ असा अगदी सारखा होता, परंतु शरीरातील चरबी युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के भरली. बारीक हातपाय आणि पुढे आलेले पोट अशी जी ठेवण मराठी घरांत सर्रास दिसते आणि ‘खात्यापित्या घरचा’ म्हणून कौतुकाने स्वीकारली जाते, तिचा हा शास्त्रीय अर्थ आहे. म्हणूनच भारतीयांसाठी बीएमआयची मर्यादा पाश्चात्त्यांपेक्षा कमी, म्हणजे २३ पासून जास्त वजन आणि २५ पासून लठ्ठपणा, अशी धरली जाते, आणि पोटाचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर व स्त्रियांत ८० सेंटिमीटर ओलांडला की तो धोक्याचा मानला जातो.

शरीरात हे घडते कसे, हे समजून घेणे अगत्याचे आहे. अतिरिक्त ऊर्जा साठवण्याची सुरक्षित जागा म्हणजे त्वचेखालचा मेद; ज्यांच्यात ही जागा जन्मतः अपुरी असते त्यांच्यात, छोट्या घरातली कपाटे भरल्यावर सामान जिन्यात येऊन साचावे तसा, मेद पोटातल्या अवयवांत आणि यकृतात साचू लागतो. तेथून इन्सुलिन-प्रतिरोध सुरू होतो, म्हणजे स्वादुपिंड पुरेसे इन्सुलिन सोडत असूनही पेशी त्याला दाद देत नाहीत. इन्सुलिनचे एक काम मेदपेशींतील चरबी तेथेच रोखून धरण्याचे असते. तो आवर ढिला पडला की चरबी विरघळून स्निग्धाम्लांच्या रूपाने रक्तात येते आणि यकृत ती उचलते. रुग्णांच्या यकृतातील मेदाचा उगम शोधणाऱ्या २००५ च्या एका अमेरिकी प्रयोगात, त्यातील सुमारे ५९ टक्के मेद अशा रीतीने शरीरातील साठ्यांतून आलेला, २६ टक्के यकृताने स्वतः साखरेपासून तयार केलेला आणि केवळ १५ टक्के आहारातील तेलातुपातून आलेला आढळला. ‘तेलकट बंद करा’ हा सल्ला म्हणूनच अपुरा आहे. साखरेतील फ्रुक्टोज हा घटक बव्हंशी यकृतातच हाताळला जातो आणि गरजेहून अधिक आला की त्याचा मेद होतो. याला आनुवंशिकतेचीही जोड असते: पीएनपीएलए३ या जनुकाचा २००८ मध्ये उजेडात आलेला एक प्रकार ज्यांच्यात असतो त्यांच्या यकृतात मेद अधिक साचतो आणि व्रणही अधिक धरतात.

उपनगरातील दिनक्रम या प्रक्रियेला हरप्रकारे हातभार लावतो. बोरिवली ते चर्चगेट हे सुमारे ३४ किलोमीटरचे अंतर रोज दोनदा कापणाऱ्या नोकरदाराचा दिवस पहाटे सुरू होतो, दुपारभर तो खुर्चीत जातो आणि रात्रीचे जेवण दहाच्या पुढे, झोपण्याच्या तोंडावर होते. अंधेरीतील सीप्झ व एमआयडीसीच्या कार्यालयांत रात्रपाळी करणाऱ्यांचे जेवण तर मध्यरात्री होते, म्हणजे शरीराच्या जैविक घड्याळानुसार इन्सुलिनचा प्रभाव मंदावलेला असतो नेमक्या त्याच वेळी. स्थानकाबाहेरचा वडापाव, घाटकोपरच्या खाऊगल्लीतले पदार्थ आणि चहाबरोबरचे फरसाण यांत मैदा, बटाटा, बेसन आणि तळणीचे तेल एकत्र येतात. साखरेचा हिशेब तर बहुतेकांनी मांडलेलाच नसतो. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर शक्यतो दिवसाला सुमारे २५ ग्रॅमच्या आत ठेवण्यास सांगते. दोन चमचे साखरेचा एक कप चहा आठ ते दहा ग्रॅम साखर देतो, आणि दिवसाचे चार कप झाले की बिस्किटे, सरबत वा शीतपेय यांच्याआधीच ही मर्यादा मागे पडते. शाकाहाराने किंवा उपवासाने संरक्षण मिळते हा समजही येथे टिकत नाही. साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ पिष्टमय पदार्थ असल्याने उपवासाच्या दिवशी यकृताला विश्रांती मिळण्याऐवजी त्याचे काम वाढते. हा दोष एकट्या माणसाच्या माथी मारणे मात्र अन्यायाचे आहे. ज्या शहरात चालण्यासाठी पदपथ मोकळा नाही, मुलांना मैदान नाही आणि दिवसाचे तीन-चार तास प्रवासात जातात, तेथे ‘व्यायाम करा’ हे सांगणे सोपे आणि करणे कठीण असते.

यकृतात मेद साचलेल्या बहुतेकांचा आजार त्याच टप्प्यावर थांबतो. काहींत मात्र मेदाच्या विषारी परिणामाने पेशी फुगतात व मरतात, दाह सुरू होतो आणि एरवी शांत असणाऱ्या तारकापेशी जागृत होऊन कोलॅजनचे धागे विणू लागतात. हे धागे म्हणजेच व्रण, वैद्यकाच्या भाषेत फायब्रोसिस, आणि त्याचे शून्यापासून चारपर्यंत टप्पे मानले जातात. नुसता मेद असलेल्यांत एक टप्पा ओलांडायला सरासरी १४ वर्षे, तर दाह असलेल्यांत सरासरी ७ वर्षे लागतात, असे अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातून दिसले आहे. अर्थात काहींत ही गती याहून बरीच जास्त असते. चौथा टप्पा म्हणजे सिरोसिस. त्यात यकृत आकसून गाठीगाठींचे होते, जलोदर होतो, अन्ननलिकेतील फुगलेल्या शिरा फुटून रक्ताची उलटी होते, मेंदूवर परिणाम होऊन रुग्ण भ्रमिष्टासारखा वागतो, आणि अखेरीस यकृत-प्रत्यारोपणाखेरीज मार्ग उरत नाही. यकृताचा कर्करोग बहुधा सिरोसिसनंतर होतो, पण या विकारात तो सिरोसिस नसतानाही उद्भवू शकतो.

तरीही मेदयुक्त यकृत असलेल्यांच्या मृत्यूचे सर्वांत मोठे कारण यकृत नसून हृदय आहे. मेदाने भरलेले यकृत रक्तात साखर आणि ट्रायग्लिसराइड अधिक सोडते, सौम्य दाह सतत चालू ठेवते आणि रक्तवाहिन्यांच्या काठिण्याला चालना देते. मधुमेह होण्याची शक्यता त्याने सुमारे दुप्पट होते आणि मूत्रपिंडांचेही नुकसान होते. उलट बाजूने, दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाच्या निम्म्याहून अधिक रुग्णांत यकृतात मेद असतोच. सोनोग्राफीतील ती एक ओळ म्हणजे संपूर्ण चयापचयाविषयीची पूर्वसूचना आहे. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२१ मध्ये या विकाराचा समावेश असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये सुधारित मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यामागे हेच आकलन आहे.

व्रण आहेत का, हे पाहण्याची पहिली पायरी आश्चर्य वाटावे इतकी स्वस्त आहे. तिला फिब-४ म्हणतात आणि त्यासाठी प्लेटलेट्सबरोबर एसजीओटी व एसजीपीटी या यकृताच्या विकरांचे रक्ततपासणीतील आकडे लागतात. वय आणि एसजीओटी यांचा गुणाकार करायचा आणि त्याला प्लेटलेट्सची हजारांतील संख्या गुणिले एसजीपीटीचे वर्गमूळ यांनी भागायचे. समजा वय ५२, एसजीओटी ४८, एसजीपीटी ६४ आणि प्लेटलेट्स १ लाख ८० हजार असतील, तर २,४९६ भागिले १,४४० म्हणजे १.७३ हे उत्तर येते. १.३ पेक्षा कमी आकडा असेल तर गंभीर व्रणांची शक्यता अल्प असते, २.६७ च्या वर असेल तर ती बरीच असते; मधल्या पट्ट्यातल्यांनी फायब्रोस्कॅन करून घेणे इष्ट. पासष्टीनंतर खालची मर्यादा २ धरतात, आणि पस्तिशीच्या आत हे गणित फारसे विश्वासार्ह नसते. फायब्रोस्कॅनमध्ये यकृतातून एक सौम्य कंपन पाठवून त्याचा ताठरपणा किलोपास्कलमध्ये मोजतात. ८ पेक्षा कमी आकडा सहसा दिलासा देणारा असतो. एसजीपीटी नॉर्मल आहे म्हणून यकृत ठीक आहे, असे समजणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की व्रण पुढे गेलेल्या अनेकांचे एसजीपीटीही नॉर्मल असते.

उपचारात वजन घटवण्याइतके सिद्ध झालेले दुसरे काही नाही. क्यूबामध्ये २९३ रुग्णांवर वर्षभर झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्यांनी १० टक्के किंवा त्याहून अधिक वजन कमी केले त्यांच्यापैकी ९० टक्के रुग्णांचा दाह नाहीसा झाला आणि ४५ टक्के रुग्णांचे व्रण मागे हटले. ८० किलोच्या माणसासाठी याचा अर्थ आठ किलो. चार किलो उतरले तरी मेद कमी होऊ लागतो, आणि मुळात बारीक असलेल्यांना तीन ते पाच टक्के घटही उपयोगी पडते. हे वजन हळूहळू उतरावे, कारण उपासमारीने झपाट्याने उतरवलेले वजन यकृताला उलट इजा करू शकते. आठवड्याला १५० मिनिटे दमछाक करणारे चालणे वजन तसेच राहिले तरी यकृतातील मेद घटवते. बोरिवलीकरांच्या दाराशी असलेल्या राष्ट्रीय उद्यानाचे मोल या दृष्टीनेही मोठे आहे.

औषधांची दालने आता कुठे उघडू लागली आहेत. अहमदाबादच्या झायडस कंपनीने विकसित केलेल्या सारोग्लिटाझारला भारतात २०२० मध्ये या विकारासाठी मान्यता मिळाली. अमेरिकेत मार्च २०२४ मध्ये रेस्मेटिरोम आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सेमाग्लुटाइड यांना, दाह व मध्यम ते गंभीर व्रण असलेल्या रुग्णांसाठी परवानगी दिली गेली. याउलट औषधांच्या दुकानात मागितल्याबरोबर मिळणारी लिव्हर टॉनिके व्रण मागे हटवतात याचा भक्कम पुरावा नाही, आणि ‘नैसर्गिक आहे म्हणजे निर्धोक’ हे गृहीतही तपासून घ्यायला हवे. मुंबईतील डॉ. आभा नगराळ आणि सहकाऱ्यांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला, परंतु ज्याचे यकृत आधीच आजारी आहे त्याने असे काढे डॉक्टरांना न सांगता घेऊ नयेत, एवढे शहाणपण त्या वादाच्या निकालावर अवलंबून नाही. याच्या अगदी उलट चूकही होते. ‘लिव्हर आहे’ म्हणून कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी परस्पर बंद केली जाते. मेदयुक्त यकृतात स्टॅटिन सुरक्षित आहे आणि अशा रुग्णाला खरा धोका हृदयाचा असल्याने ती बंद करणे हेच अधिक घातक ठरते.

घाटकोपरचे राजावाडी, जुहूचे कूपर किंवा मुलुंडचे अगरवाल ही महापालिकेची रुग्णालये असोत की कोपऱ्यावरची खासगी प्रयोगशाळा, फिब-४ साठी लागणाऱ्या रक्ततपासण्या सगळीकडे नेहमीच्याच आहेत आणि मधुमेह वा रक्तदाब असलेल्या अनेकांच्या फाइलमध्ये हे आकडे आधीपासून पडून असतात. ज्यांना मधुमेह आहे, ज्यांच्या पोटाचा घेर मर्यादेबाहेर आहे किंवा ज्यांच्या सोनोग्राफीत फॅटी लिव्हर लिहून आले आहे, त्यांनी ती फाइल आजच उघडावी, आकडे लिहून काढावेत आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना ग्रेड न विचारता व्रणांविषयी विचारावे.